राष्ट्राध्यक्ष बदलतो, करार राहतो : परराष्ट्र धोरणावर बाबासाहेब पूर्ण वाचा

अमेरिकेत निवडणूक लागली की आपल्याकडच्या गटांमध्ये दोन तट पडतात. एक तट म्हणतो, बाबासाहेबांनी नेहरूंच्या परराष्ट्र धोरणावर कडाडून टीका केली होती, म्हणजे आपण अमेरिकेच्या बाजूने असले पाहिजे. दुसरा तट म्हणतो, बाबासाहेबांनी सैन्यावरच्या अवाढव्य खर्चाला आक्षेप घेतला होता, म्हणजे नाटोसारख्या लष्करी आघाड्यांना आपला विरोधच असला पाहिजे. मग रात्रभर मेसेज पडत राहतात आणि शेवटी कोणीतरी गट सोडून जातो.

मित्रांनो, दोन्ही तटांच्या हातात अर्धेच बाबासाहेब आहेत. पूर्ण बाबासाहेब वाचले तर लष्करी करार आणि राष्ट्राध्यक्षाची निवडणूक हे दोन वेगळे विषय राहत नाहीत. दोन्हींच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : देशाच्या नावाने निर्णय घेणारा माणूस नेमका कोणाला जबाबदार आहे? हा प्रश्न बाबासाहेबांनी घटना समितीत विचारला, मंत्रिमंडळ सोडताना विचारला आणि राज्यसभेतही विचारला. आपण मात्र तो सोडून कोणता चेहरा चांगला यावर भांडत बसतो.

सुरुवात १९५२ पासून करू. त्या वर्षी दोन मोठ्या देशांत सर्वोच्च पदासाठी निवडणूक झाली. मे महिन्यात भारतात पहिली राष्ट्रपती निवडणूक झाली. डॉ. राजेंद्र प्रसाद यांना ५,०७,४०० मतमूल्य मिळाले, तर त्यांच्याविरुद्ध उभे राहिलेले मुंबईचे अर्थतज्ज्ञ के. टी. शहा यांना ९२,८२७. नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत ड्वाइट आयझेनहॉवर यांनी ॲडलाय स्टीव्हन्सन यांचा पराभव केला. स्टीव्हन्सन हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे गोव्याच्या प्रकरणात पुन्हा येणार आहे.

या दोन निवडणुकांच्या मधल्या काळात, ५ जून १९५२ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने बाबासाहेबांना मानद एलएल. डी. पदवी दिली. त्या वेळी विद्यापीठाचे अध्यक्ष कागदोपत्री आयझेनहॉवरच होते. पण नाटोचे पहिले सरसेनापती म्हणून ते दीर्घ रजेवर युरोपात गेले होते आणि विद्यापीठाचा कारभार ग्रेसन कर्क पाहत होते. नाटोचे पद सोडून आयझेनहॉवर त्याच आठवड्यात प्रचाराला लागले. एका लष्करी आघाडीचा सेनापती थेट राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार झाला, इतके हे दोन विषय अमेरिकेत एकमेकांत गुंतलेले होते. जिंकल्यावर त्यांनी जॉन फॉस्टर डलेस यांना परराष्ट्रमंत्री केले आणि डलेस यांनी जगभर करारांची साखळी विणायला घेतली. मे १९५४ मध्ये पाकिस्तानशी लष्करी मदतीचा करार झाला. सप्टेंबर १९५४ मध्ये मनिला येथे आग्नेय आशियाचा करार झाला. तोच सिएटो.

या दोन निवडणुकांमध्ये फरक काय होता? अमेरिकी राष्ट्राध्यक्ष राज्य करतो. आपला राष्ट्रपती राष्ट्राचे प्रतिनिधित्व करतो, राज्य मंत्रिमंडळ करते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना बाबासाहेबांनी हा फरक नीट समजावून सांगितला होता. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : लोकशाही सरकारकडे स्थैर्य हवे आणि जबाबदारीही हवी, पण दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत अजून सापडलेली नाही. अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, जबाबदारी कमी. संसदीय पद्धतीत जबाबदारी जास्त, स्थैर्य कमी. अमेरिकेत सरकारचा हिशेब ठरावीक काळाने, निवडणुकीच्या वेळी होतो. संसदीय पद्धतीत तो निवडणुकीत तर होतोच, शिवाय रोजही होतो. प्रश्न, ठराव, तहकुबी सूचना, अविश्वास ठराव ही त्याची साधने. मसुदा समितीने स्थैर्यापेक्षा जबाबदारीला वरचे स्थान दिले.

हे करताना समोर विरोध नव्हता असे नाही. हेच के. टी. शहा घटना समितीत अमेरिकेसारखी सत्ताविभागणी आणि प्रौढ मतदानाने थेट निवडलेला राष्ट्रपती मागत होते. आजही अनेकांना वाटते की एक कणखर माणूस थेट निवडून द्यावा, म्हणजे देश सरळ होईल. आपल्या वस्त्यांतही हे ऐकू येते. त्यांना २५ नोव्हेंबर १९४९ चे भाषण वाचायला द्या. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हा इशारा त्यात आहे. तो इशारा परराष्ट्र धोरणाला तर जास्तच लागू पडतो, कारण सर्वाधिक भक्ती परक्या देशाच्या नावाने आणि सीमेच्या नावाने गोळा केली जाते.

आता त्या दोन अर्ध्या बाबासाहेबांकडे वळू. १९५१ मध्ये मंत्रिमंडळ सोडताना त्यांनी राजीनाम्याची जी कारणे दिली, त्यांत हिंदू कोड बिलाबरोबर परराष्ट्र धोरणही होते. हे आपण बहुतेक वेळा विसरतो. त्यांनी आकडा दिला : वर्षाला ३५० कोटी रुपये महसूल जमतो आणि त्यातले सुमारे १८० कोटी सैन्यावर जातात. निम्म्याहून जास्त. पण ते तिथे थांबले नाहीत. हा खर्च का होतो याचे कारणही त्यांनी सांगितले. आपल्या धोरणामुळे अडचणीच्या वेळी मदतीला येईल असा मित्रच उरलेला नाही, म्हणून संरक्षणाचे सगळे बिल आपल्यालाच भरावे लागते.

इथे दोन्ही अर्धे जुळतात. खर्चावरची टीका आणि मित्र जोडण्याचा आग्रह ही एकाच युक्तिवादाची दोन टोके आहेत. बाबासाहेबांना आघाडी हवी होती ती कोणाच्या छावणीत जाऊन बसण्यासाठी नाही. संरक्षणाचे ओझे वाटले गेले, तर गरिबाच्या वाट्याचा पैसा बंदुकीत जाणार नाही, हा त्यामागचा हिशेब होता. तेव्हा फक्त ‘खर्च नको’ म्हणणारा तट अपुरा आहे आणि फक्त ‘अमेरिका हवी’ म्हणणारा तटही अपुरा आहे.

२६ ऑगस्ट १९५४ चे राज्यसभेतील भाषण याच पार्श्वभूमीवर वाचा. भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतला पराभव तीन-चार महिन्यांपूर्वीचाच होता. एप्रिलमध्ये भारत-चीन करार होऊन पंचशीलाचा जयघोष सुरू होता. बाबासाहेबांनी विचारले की, सिएटो ही संघटना कोणावर आक्रमण करण्यासाठी आहे की आक्रमण रोखण्यासाठी? रोखण्यासाठी असेल, तर आपल्या विरोधाचे कारण काय? रशियाला काय वाटेल ही भीती तर नाही ना? चीनने ल्हासा घेतल्यामुळे त्याची सरहद्द आपल्या दाराशी आली आहे, हेही त्यांनी बजावले. पंचशीलाविषयीचे त्यांचे बोलणे तर बौद्ध म्हणून आपण कायम ध्यानात ठेवावे असे आहे : माओंचा पंचशीलावर विश्वास असता, तर त्यांनी स्वतःच्या देशातल्या बौद्धांना वेगळी वागणूक दिली असती.

पुढे काय झाले? चीनबाबतचा इशारा खरा ठरला. १९६२ चे युद्ध झाले आणि अलिप्ततेचे शिल्पकार नेहरू यांना राष्ट्राध्यक्ष केनेडींकडे लष्करी मदत मागावी लागली. पण सिएटोचे काय झाले हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पाकिस्तान त्या संघटनेचा सदस्य होता, तरी १९६५ मध्ये आणि १९७१ मध्ये ती त्याच्या मदतीला धावली नाही. १९७७ मध्ये ती गुंडाळली गेली. म्हणजे धोका ओळखण्यात बाबासाहेब अचूक होते, पण ज्या संघटनेविषयी चर्चा चालली होती ती कागदी निघाली. त्यांचे प्रत्येक मत पोथीसारखे पाठ करणे हा आंबेडकरवाद नव्हे. त्यांनी विचारलेले प्रश्न आजच्या करारांना विचारणे, हा आंबेडकरवाद आहे.

कोणताही करार कलमांपर्यंत जाऊन का वाचायचा, याचा धडा आपल्या शेजारीच आहे. पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य होता. त्यामुळे गोव्यावर हात टाकला तर नाटो मध्ये पडेल, अशी भीती वर्षानुवर्षे घातली जात होती. २ डिसेंबर १९५५ रोजी डलेस यांनी पोर्तुगीज परराष्ट्रमंत्र्यांबरोबर काढलेल्या निवेदनात या वसाहतींचा उल्लेख ‘पोर्तुगीज प्रांत’ असा केला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला देशभरातून, त्यातही महाराष्ट्रातून गेलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या होत्या. बाबासाहेबांनी १९५४ च्या त्या भाषणातच, गोव्याबाबत सरकारने वेळेवर पावले उचलली नाहीत अशी टीका केली होती आणि निजामाकडून वऱ्हाड भाडेपट्ट्याने घेतले गेले तसा किंवा खरेदीचा पर्याय सुचवला होता.

शेवटी १८ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली. नाटो आली नाही. येणार नव्हतीच, कारण नाटो कराराच्या सहाव्या कलमानुसार त्याचे क्षेत्र युरोप, उत्तर अमेरिका आणि कर्कवृत्ताच्या उत्तरेकडचा अटलांटिक एवढेच आहे. ज्या आघाडीच्या नावाने भीती दाखवली जात होती, तिच्या कलमांत गोवा बसतच नव्हता.

आता स्टीव्हन्सन. १९५२ मध्ये आयझेनहॉवरसमोर हरलेले, उदारमतवादी म्हणून नावाजलेले हेच गृहस्थ १९६१ मध्ये केनेडींनी नेमलेले संयुक्त राष्ट्रांतले अमेरिकी प्रतिनिधी होते. सुरक्षा परिषदेत भारताचा सर्वांत तिखट निषेध त्यांनीच केला. भारताविरुद्धचा ठराव सोव्हिएत रशियाच्या नकाराधिकारामुळे पडला. ‘तो हरला नसता, हा जिंकला असता, तर आपले भले झाले असते’ असे म्हणणाऱ्यांनी हा प्रसंग आठवावा. माणूस बदलला, पक्ष बदलला, पण गोऱ्या मित्रराष्ट्राच्या वसाहतीचा प्रश्न आला तेव्हा भूमिका बदलली नाही.

अलीकडचे उदाहरण घ्या. अमेरिकेबरोबर भारताने तीन पायाभूत लष्करी करार केले. २०१६ मध्ये रसदपुरवठ्याचा करार झाला, तेव्हा तिकडे ओबामा होते आणि आपले संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर होते. २०१८ मध्ये लष्करी दळणवळणाचा करार झाला, तेव्हा ट्रम्प होते. २७ ऑक्टोबर २०२० रोजी भौगोलिक माहितीच्या देवाणघेवाणीचा करार झाला, म्हणजे अमेरिकी मतदानाच्या अवघ्या सात दिवस आधी. ट्रम्प हरले, बायडन आले, करार तसाच राहिला.

म्हणून राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीला अर्थच नाही, असे मी म्हणत नाही. अर्थ आहे, आणि कधीकधी तो आपल्या जवानांच्या जिवाशी भिडलेला असतो. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला आणि भारतीय शांतिसेना श्रीलंकेत गेली. त्या सेनेत महार रेजिमेंट होती. ही रेजिमेंट १९४१ मध्ये उभी राहिली आणि तिच्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता, हे आपण अभिमानाने सांगतो. तिच्या आठव्या बटालियनचे, मुंबईत जन्मलेले मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी तिथे धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. सुमारे १,२०० भारतीय जवान त्या मोहिमेत गेले. डिसेंबर १९८८ मध्ये श्रीलंकेत निवडणूक झाली. भारतीय सेना परत पाठवू, असे सांगणारे प्रेमदासा निवडून आले. मार्च १९९० मध्ये आपली शेवटची तुकडी परतली. परक्या देशातल्या मतदानाने आपले सैन्य घरी आणले.

ते सैन्य पाठवताना आपल्या संसदेची आगाऊ मंजुरी लागत होती का? नाही. आपल्या व्यवस्थेतली खरी त्रुटी इथे आहे. अमेरिकेत कराराला सिनेटचे दोन तृतीयांश बहुमत लागते. नाटोचा करार १९४९ मध्ये तिथे ८२ विरुद्ध १३ मतांनी मंजूर झाला, सिएटोचा १९५५ मध्ये ८२ विरुद्ध १ मताने. प्रत्येक सिनेटरचे मत नोंदले गेले. आपल्याकडे करार मंत्रिमंडळ करते. ९ ऑगस्ट १९७१ चा भारत-सोव्हिएत करार आधी सही झाला आणि मग संसदेला सांगण्यात आला. तो करार उपयोगी पडला, पण एखादा करार उपयोगी पडला म्हणून त्याची पद्धत लोकशाहीची ठरत नाही.

याचा दोष घटनेला देणाऱ्यांनी सातवी अनुसूची उघडावी. संघसूचीतल्या चौदाव्या नोंदीने परराष्ट्रांशी करार करणे हा विषय संसदेच्या कायद्याच्या कक्षेत ठेवला आहे. दार उघडे आहे, संसदच आत गेलेली नाही. करार कसे करावेत, कोणते संसदेपुढे आणावेत, यासाठी कायदा करावा अशी शिफारस घटनेच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या व्यंकटचलय्या आयोगाने २००२ मध्ये केली होती. ती तशीच पडून आहे. बाबासाहेबांनी ज्या रोजच्या जबाबदारीसाठी संसदीय पद्धत निवडली, ती जबाबदारी लष्करी करारांच्या बाबतीत आपण वापरतच नाही. तरीही अमेरिकी पद्धत आपल्याला तारील, या भ्रमातही राहू नका.

ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प यांनी भारतीय मालावरचे शुल्क आधी २५ आणि मग ५० टक्क्यांवर नेले. वाढीव २५ टक्क्यांचे कारण रशियाकडून घेतलेले तेल. त्यासाठी अमेरिकी काँग्रेसमध्ये मतदान झाले नाही, आणीबाणीच्या कायद्याचा आधार घेऊन एका माणसाने आदेश काढला. आमच्या भिवंडीत यंत्रमागावरचे कापड बहुतांशी देशातच खपते. पण निर्यातदाराच्या ऑर्डरी थांबल्या की तोच माल देशातल्या बाजारात येतो, कच्च्या कापडाचा भाव पडतो, आणि मीटरवर मजुरी घेणाऱ्या कामगाराची पाळी कमी होते. बारा तास मागावर उभा राहणारा हा माणूस उत्तर प्रदेशचा असो, तेलंगणाचा असो की इथलाच असो, वॉशिंग्टनच्या निवडणुकीत त्याला मत नसते. दिल्लीत मात्र त्याचा खासदार असतो. त्याने सभागृहात प्रश्न विचारला का, हे आपण तपासतो का?

आपल्या राष्ट्रपती निवडणुकीकडेही याच नजरेने पाहा. २०१७ मध्ये दोन्ही बाजूंनी दलित उमेदवार होते, रामनाथ कोविंद आणि मीरा कुमार. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू पहिल्या आदिवासी राष्ट्रपती झाल्या. त्या खुर्चीत आपला माणूस बसल्याचा आनंद खोटा नाही. ज्यांना गावच्या चावडीवर बसू दिले जात नव्हते, त्यांच्यातला माणूस घटनेच्या ५३ व्या कलमाने तिन्ही सेनांचा सर्वोच्च सेनापती होतो, ही लहान गोष्ट नाही. पण आनंदानंतर प्रश्न आला पाहिजे, आणि त्या प्रश्नाचे माप के. आर. नारायणन यांनी घालून दिले आहे. १९९७ मध्ये ते पहिले दलित राष्ट्रपती झाले. त्याआधी चीन आणि अमेरिका या दोन्ही देशांत ते राजदूत होते. उत्तर प्रदेशात आणि नंतर बिहारमध्ये राष्ट्रपती राजवट लावण्याची मंत्रिमंडळाची शिफारस त्यांनी फेरविचारासाठी परत पाठवली. मार्च २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन भारतात आले, तेव्हा मेजवानीच्या भाषणातच नारायणन यांनी सुनावले की, आमच्या उपखंडाला जगातली सर्वांत धोकादायक जागा म्हणणे हे शांतता मोडू पाहणाऱ्यांनाच बळ देणारे आहे. राज्य न करणारा राष्ट्रपती घटनेच्या चौकटीत राहून किती करू शकतो, हे त्यांनी दाखवले.

पुढची राष्ट्रपती निवडणूक २०२७ मध्ये आहे. तिच्यात आपल्याला थेट मत नाही, पण आपल्या आमदाराला आहे. महाराष्ट्राच्या एका आमदाराच्या मताचे मूल्य १७५ आहे. भिवंडी पूर्व, भिवंडी पश्चिम आणि भिवंडी ग्रामीण मिळून ५२५. हे मत कोणाला दिले, एवढेच नाही तर का दिले, हे आमदारांना जाहीरपणे विचारता येते. उमेदवाराची जात सांगून ते सुटू पाहतील. आपण विचारायचे : नारायणन यांच्यासारखी फाईल परत पाठवण्याची हिंमत या उमेदवाराकडे आहे का?

आणि खासदारांकडे एक ठोस मागणी लावून धरायची. चौदाव्या नोंदीखाली करारांचा कायदा करा. लष्करी करार संसदेच्या पटलावर ठेवा, त्याचा खर्च सांगा, त्यावर मतदान घ्या आणि प्रत्येकाचे मत नोंदवा. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ६ लाख ८१ हजार कोटींहून अधिक तरतूद होती. त्या पैशात शिष्यवृत्ती रखडलेल्या पोराचाही वाटा आहे, आणि सीमेवर उभा असलेला जवान बऱ्याचदा त्याच पोराचा भाऊ असतो. त्याला कोणत्या कराराखाली कुठे पाठवले जाणार आहे, हे सही होण्याआधी विचारण्याचा अधिकार त्या घराला आहे. चौदा एप्रिलच्या व्याख्यानमालेत यंदा एक दिवस याच विषयाला द्या, आणि त्या दिवशी व्यासपीठावर आपल्या खासदाराला बोलावून हे प्रश्न त्याच्या समोर ठेवा.

जय भीम.